हात हलतोच, हलू दे

माझ्या ड्रॉवरमध्ये एक पुठ्ठ्याचं टार्गेट जपून ठेवलंय. १७ सेंटीमीटर बाय १७ सेंटीमीटर, मधे काळा गोल. त्यावर मी पिस्तुलानं दहा छर्रे मारले होते आणि भोकं मोजली तर सातच आहेत, उरलेले तीन कुठे गेले ते मागच्या लोखंडी पेटीलाच ठाऊक. स्कोअर १०० पैकी ३४. पहिल्या दिवसाचा. खरं तर फेकून द्यायला हवं होतं पण ठेवलंय, कारण त्या दिवशी घरी जाताना डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती की आपला हात हलतो म्हणून नेम चुकतो, आणि ही समजूत साफ चुकीची आहे हे कळायला मला जवळजवळ आठ महिने लागले.

मी काही मोठी शूटर वगैरे नाही. वयाच्या ४४व्या वर्षी सुरुवात केली, तीही अपघातानं. लेकीला नेमबाजीचा क्लास लावला होता, ती दीड महिन्यात कंटाळली, फी सहा महिन्यांची भरलेली, मग तिच्या जागी मी उभी राहिले. कोच माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. मी त्याला सर म्हणते आणि तो मला ताई म्हणतो, आणि ओरडायचं असलं की 'अहो ताई' म्हणतो. पहिल्याच दिवशी 'अहो ताई' ऐकायला मिळालं.

झालं असं की पिस्तूल हातात होतं, मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू ढिला वाटला, आणि मी पिस्तुलासकट मागे वळून म्हटलं, सर हे बघा ना जरा. अख्खी रेंज गप्प. पिस्तूल रिकामं होतं, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घातलेला होता, तरीही. सरांनी ते काढून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि मला उरलेला सगळा वेळ मागच्या खुर्चीवर बसवलं, शाळेत बसवतात तसं. तेव्हा फार राग आला होता. आता कुणी नवीन माणूस तसा वळला की माझ्याच पोटात गोळा येतो. पिस्तूल रिकामं आहे असं कुणी कितीही छातीठोक सांगितलं तरी ते भरलेलंच समजायचं, तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरल्याशिवाय बोट ट्रिगर गार्डच्या आत जायचं नाही, आणि आपल्या टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असायला हवं. हे पाठ करून उपयोग नसतो, हे हातालाच माहीत व्हावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर.

तर १० मीटर एअर पिस्तूल. छर्रा ४.५ मिलीमीटरचा, तोंडाला सपाट, त्यामुळे पुठ्ठ्यावर पंचिंग मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पडतं. दहाचा, म्हणजे दहा मार्कांचा, गोल ११.५ मिलीमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. १० मीटरवरून तो दिसतच नाही, दिसतो तो ५९.५ मिलीमीटरचा काळा गोल, ज्याच्यात सातपासून दहापर्यंतची सगळी कडी येतात. हे आकडे ऐकून मी खचले होते पण एक गोष्ट कुणी लवकर सांगत नाही, ती मी सांगते. छर्ऱ्याची कड रेषेला नुसती लागली तरी वरचा मार्क मिळतो. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून चक्क ८ मिलीमीटर सरकलेला असला तरी दहा. आणि पुढचं प्रत्येक कडं आणखी ८ मिलीमीटरवर. म्हणजे बरीच मोकळीक आहे. मग माझे छर्रे पुठ्ठ्याबाहेर का जात होते?

दुसऱ्या आठवड्यात सरांनी एका कागदावर हिशोब करून दाखवला, तो कागद अजून माझ्या पिस्तुलाच्या पेटीत आहे. पिस्तुलाला दोन साइट असतात, मागे खाच आणि पुढे टोकावर एक चौकोनी खुंटी, तिला जुनी माणसं माशी म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो. खाचेच्या बरोबर मधे माशी, दोन्ही बाजूंना उजेडाच्या सारख्या फटी, वरच्या कडा एका रेषेत. माझ्या पिस्तुलात या दोन साइटमधे साधारण ३२० मिलीमीटर अंतर आहे. आता समजा तुमचा अख्खा हात जसाच्या तसा १ मिलीमीटर उजवीकडे सरकला, माशी खाचेच्या मधेच राहिली, तर टार्गेटवर छर्रा किती सरकेल? १ मिलीमीटर. बस. पण हात तिथेच आहे आणि फक्त मनगट वळून माशी खाचेत १ मिलीमीटर सरकली तर? १०,००० भागिले ३२०. ३१ मिलीमीटर. म्हणजे दहाचा थेट सात.

हे मी तीनदा करून बघितलं कॅल्क्युलेटरवर. म्हणजे इतके दिवस मी जे बघत होते, तो काळा गोल माशीच्या वर नाचतोय, इकडे जातोय तिकडे जातोय, ते नाचणं फारसं नडतच नव्हतं. नडत होतं ते माशी आणि खाच यांचं आपसातलं बिघडणं, आणि तिकडे माझं लक्षच नव्हतं, कारण माझी नजर टार्गेटवर होती.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो, कॅमेऱ्यासारखाच. टार्गेट स्वच्छ दिसत असेल तर माशी धूसर असणार, माशी स्वच्छ असेल तर टार्गेट हा नुसता राखाडी भुरकट डाग. पाहिजे ते दुसरं. आणि हे मनाला अजिबात पटत नाही! ज्याला मारायचंय त्याच्याकडे बघायचं नाही म्हणजे काय. लहानपणापासून दगड मारताना, चेंडू टाकताना आपण तिकडेच बघत आलोय ना. शिवाय वयाचा प्रश्न. चाळिशीनंतर हाताच्या टोकावरची वस्तू स्वच्छ दिसणं बंद होत जातं, माझा जवळचा नंबर लागलेला, लांबचा चष्मा लावला की माशीला लव फुटल्यासारखी दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांना मी पट्टीनं मोजलेलं अंतर सांगितलं, डोळ्यापासून माशीपर्यंत किती ते, त्यांनी लांबच्या नंबरात अधिक ०.७५ घालून एक काच करून दिली आणि काय सांगू, माशीच्या कडा ब्लेडसारख्या दिसायला लागल्या. पैसे खर्च करायचेच असतील तर महागड्या पिस्तुलाआधी तिथे करा.

दुसरं एक लफडं निघालं. दोन्ही हातांचा त्रिकोण करून त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्यानं ती वस्तू त्रिकोणातच राहते तो तुमचा मुख्य डोळा. माझा डावा निघाला, आणि हात उजवा. सर सहज म्हणाले, ताई डाव्या हातानं शिकता का, कारोय ताकाच शिकला होता. हा हंगेरीचा सैनिक, १९३८ मध्ये उजव्या हातात हातबॉम्ब फुटून हात निकामी झाला, गड्यानं डाव्या हातानं पहिल्यापासून शिकून १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं घेतली, रॅपिड फायर पिस्तूलमध्ये. मी म्हटलं सर, मला उजव्या हातानंच नीट येत नाहीये. शेवटी डाव्या डोळ्यासमोर एक छोटी पांढरट पट्टी लावली, ब्लाइंडर म्हणतात, डोळा मिटायचा नाही, उघडाच ठेवायचा पण त्याला काही दिसू द्यायचं नाही. डोळा मिटून धरला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि उघडा डोळाही लवकर दमतो.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात सांगते कारण ते लिहून कळत नाही. पाय खांद्याएवढे फाकवून, अंग टार्गेटला जवळजवळ आडवं, मान सरळ, पिस्तूल डोळ्यापर्यंत आणायचं, डोळा पिस्तुलापर्यंत न्यायचा नाही. रिकामा हात खिशात किंवा पट्ट्यात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कीच्या युसुफ डिकेचचा खिशात हात घातलेला तो फोटो सगळीकडे फिरला तेव्हा मला चार जणांनी पाठवून विचारलं की हा इतका बिनधास्त कसा. अरे तो हात सगळेच खिशात घालतात! मोकळा लोंबकळला तर खांदा ओढतो, म्हणून त्याला कुठेतरी बांधून टाकायचा असतो. बिनधास्तपणा होता तो साध्या चष्म्यात, त्यानं ना ब्लाइंडर लावला होता ना नेमबाजांची खास भिंगं. (त्याच प्रकारात, मिश्र दुहेरीत, मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांचं ब्राँझ होतं, त्याला रौप्य.)

एक युक्ती मात्र करून बघाच. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. माशी जिथे गेलेली असेल तिथे तुमच्या शरीराला जायचंय. डावीकडे गेली असेल तर मनगटानं ओढून परत आणायची नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा आणि अख्खं अंग वळवायचं. मी हे टाळायचे, कंटाळा, आणि मग तिसाव्या शॉटनंतर सगळे छर्रे एका बाजूला का जातात म्हणून डोकं धरायचे. स्नायू दमले की ओढून धरलेली गोष्ट आपोआप सुटते.

ग्रिपबद्दल एवढंच की घट्ट किती हा प्रश्न चुकीचा, दर वेळी सारखं किती हा खरा. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं वर, अगदी वर, मागच्या कमानीत गच्च बसलं पाहिजे आणि पकड मधल्या दोन बोटांची. अंगठ्यानं दाबायचं नाही.

आणि आता ट्रिगर.

सहा-सात महिने झाले होते. माझी सिरीज, म्हणजे दहा शॉटचा स्कोअर, ६० ते ६५ च्या मधे अडकलेली. मी घरी डंबेल आणले होते, पाण्याची बाटली धरून हात लांब करून उभी राहायचे, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना. खांदा चांगला झाला, स्कोअर तिथेच. मी सरांना म्हटलं, माझा हातच असा आहे, हलतो, वय झालं. सर म्हणाले, उचला पिस्तूल, नेम धरा, बोट बाहेर ठेवा.

मी नेम धरला. त्यांनी बाजूनं हात घालून स्वतःचं बोट माझ्या ट्रिगरवर ठेवलं. 'तुम्ही फक्त माशी बघा. कधी सुटेल ते माझ्यावर सोडा.' माशी हलत होती, नेहमीसारखीच, काळ्या गोलाच्या खाली हळूहळू आठचा आकडा काढल्यासारखी, मी म्हणणार होते की सर थांबा आत्ता नको, आणि फट्. सुटला. नऊ. परत भरलं. परत तसंच, माशी हलतेय, मला अजिबात मनासारखं वाटत नाहीये, फट्. दहा. असे दहा शॉट. स्कोअर ८६. हात माझा, हलणं माझं, डोळे माझे, फक्त बोट दुसऱ्याचं, आणि वीस-पंचवीस मार्कांचा फरक.

मी खुर्चीवर बसले. सर काहीच बोलले नाहीत, टार्गेट माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या लेनवर गेले. चांगला कोच तो, ज्याला कधी गप्प बसायचं ते कळतं.

काय होत होतं ते आता नीट सांगता येतं. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅमचा असतो. पिस्तूल स्वतः साधारण किलोभर. म्हणजे ते काही स्टँडवर घट्ट बसवलेलं नाही, एका हाताच्या टोकावर तरंगतंय, आणि त्याच्या निम्म्या वजनाचा जोर तुम्ही एका बोटानं लावताय. हा जोर सरळ मागे आणि हळूहळू वाढत गेला तर काही बिघडत नाही. पण माझं डोकं काय करायचं, माशी हलत हलत एका क्षणी अगदी परफेक्ट जागी यायची आणि आतून कुणीतरी ओरडायचं, आत्ता! आणि बोट सटकन आत. बोट एकटं कधीच जात नाही, त्याच्याबरोबर सगळी मूठ आवळली जाते, मनगट खाली जातं, माशी खाचेत खाली-डावीकडे सरकते, आणि ३१ मिलीमीटरचा हिशोब लागू. बरं, 'आत्ता' म्हटल्यापासून बोटानं ऐकेपर्यंत वेळ जातोच, तोपर्यंत तो परफेक्ट क्षण निघूनही गेलेला असतो. म्हणजे त्या क्षणाला पकडायचा प्रयत्न हाच मुळात तोट्याचा धंदा.

करायचं उलटं. माशी खाचेत ठेवायची, काळ्याच्या खाली जो पांढरा पट्टा आहे तिथे तिला हवं तेवढं फिरू द्यायचं, ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, त्यातला पहिला टप्पा पिस्तूल खाली येतानाच घेऊन टाकायचा, आणि दुसऱ्या टप्प्यावर जोर वाढवत वाढवत न्यायचा, नक्की कधी सुटेल हे न ठरवता. हलण्याकडे दुर्लक्ष. हात हलतोच, सगळ्यांचा हलतो, ऑलिम्पिकवाल्यांचाही हलतो, त्यांचा कमी हलतो एवढंच. आपण जिवंत आहोत, हृदय चालू आहे, हलणारच ना.

वाचायला सोपं वाटतंय ना, मला समजल्यावरही जमायला पुढचे चार महिने गेले. कारण समजणं डोक्याला झालेलं, बोटाला नाही.

बोटाची खरी लाज निघाली ती पॉइंट टू टू हातात घेतल्यावर. २५ मीटरच्या रेंजवर, हे बारुदाचं पिस्तूल, आवाज आणि धक्का दोन्ही खरे, कानाला मफ्स, डोळ्याला चष्मा सक्तीचा. सरांनी पाच राउंडचं मॅगझिन स्वतः भरून दिलं आणि त्यात दोन डमी, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळ्या, घातल्या, कुठल्या नंबरला ते मला सांगितलं नाही, आणि बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ. पहिला शॉट ठो. दुसरा ठो. तिसऱ्याला ट्रिगर दाबला आणि नुसता टिक् आवाज, डमी, आणि पिस्तुलाचं तोंड दोन बोटं खाली गेलेलं. धक्का बसायच्या आधीच मी त्याला सामोरी जाऊन ढकलत होते. खरी गोळी असली की हे धक्क्यात लपून जातं, दिसत नाही, म्हणून आपण वर्षानुवर्षं साइटला दोष देत बसतो. तो व्हिडिओ मी स्लो मोशनमध्ये बघितला आणि डिलीट केला. मग सरांकडून परत मागून घेतला.

यावर उपाय एकच, आणि तो इतका कंटाळवाणा आहे की लोक विश्वास ठेवत नाहीत. पांढरी भिंत. घरी, रिकामं पिस्तूल, दोनदा तपासून, त्या खोलीत एकही छर्रा किंवा गोळी नाही हे बघून, पांढऱ्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ड्राय फायर, म्हणजे नुसता ट्रिगर दाबायचा. टार्गेट नाही म्हणजे 'आत्ता' म्हणायला काही कारणच नाही. उरतं काय, माशी, खाच, आणि बोट. ट्रिगर सुटताना माशी हलली की नाही एवढंच बघायचं. रोज चाळीस. मी तीन आठवडे रेंजवर एकही छर्रा मारला नाही, फक्त भिंत. घरच्यांना वाटलं मी भांडून आलेय कुणाशी तरी. पुढे पुढे नळीवर एक नाणं ठेवायचे, ट्रिगर सुटल्यावर नाणं पडलं नाही तर बरोबर. पहिल्या दिवशी चाळीसपैकी एकतीस वेळा पडलं, फरशीवरचा तो खणखणाट खालच्या मजल्यावर ऐकू जात असणार. एक सांगायचं राहिलं, एअर पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असते त्यामुळे त्याला काही होत नाही, पण पॉइंट टू टू तसं नुसतं रिकामं चालवू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते, त्यात डमी घालून करा.

दुसरी सवय लावावी लागली ती पिस्तूल खाली ठेवायची. श्वास अर्धा सोडून थांबायचं, माशी शांत होते, पाच ते आठ सेकंदांत शॉट गेला तर गेला. दहाच्या पुढे गेलात की डोळ्यात जुनंच चित्र छापलेलं राहतं, तुम्हाला वाटतं सगळं स्थिर आहे आणि प्रत्यक्षात हात भलतीकडेच भरकटलेला. तेव्हा खाली. न मारता. हे जिवावर येतं, आता एवढं धरलंय तर मारूनच टाकू असं वाटतं, आणि माझे सगळे सहा आणि पाच त्या 'मारूनच टाकू'मधून आलेत. मी एका वहीत लिहायला लागले, आज किती वेळा खाली ठेवलं. ज्या दिवशी तो आकडा शून्य, त्या दिवशी स्कोअर हमखास वाईट.

आणि एखादा वाईट गेलाच तरी काय. कोरियाच्या जिन जोंग-ओनं २०१६ च्या रिओमध्ये ५० मीटर पिस्तूलच्या फायनलमध्ये ६.६ मारला होता. फायनलमध्ये, ६.६! आणि तिथून वर येऊन सुवर्ण घेतलं. याच माणसानं २००९ मध्ये एअर पिस्तूलला ६०० पैकी ५९४ मारले होते. त्याला सहा लागू शकतो तर आपण कोण.

नेटवर एक गोल तक्ता फिरतो, खाली-डावीकडे छर्रे गेले म्हणजे झटका, उजवीकडे गेले म्हणजे अंगठा वगैरे. मी त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली होती. तो एका हातानं मारणाऱ्यांसाठी बनलेला आहे, लोक तो दोन हातांच्या पकडीलाही सर्रास लावतात, आणि तुमचे छर्रे जर चारी दिशांना असतील तर तो कुणालाच काही सांगत नाही. आधी छर्रे एका ठिकाणी जमले पाहिजेत, कुठेही, भले पाचच्या कड्यात जमू दे. जमले की मग साइटचे क्लिक फिरवून तो घोळका मधे आणायचा, ते दोन मिनिटांचं काम आहे. मी पहिल्या महिन्यात प्रत्येक शॉटनंतर स्क्रू फिरवायचे. एका शॉटवरून. हसा.

दोन हातांनी धरण्याबद्दल कुणी विचारेल म्हणून, मी ते फार केलेलं नाही. मोठ्या कॅलिबरला धक्का जास्त म्हणून दुसरा हात लागतो, दोन्ही तळवे पिस्तुलाला सगळीकडून चिकटले पाहिजेत, अंगठे पुढे, आधाराचा हात जास्त घट्ट म्हणजे ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. पण बोटाची कहाणी तीच.

यानंतर एक नवीन खेळ सुरू झाला, शॉट कॉल करायचा. म्हणजे सुटल्यावर लगेच हात खाली न आणता एक-दोन सेकंद तसंच माशीकडे बघत राहायचं, आणि टार्गेट बघायच्या आधी तोंडानं सांगायचं की कुठे गेला. घड्याळाच्या काट्यांवर. 'नऊ, चार वाजता.' सुटतानाच्या क्षणाला माशी कुठे होती हे जर खरंच दिसलं असेल तर सांगता येतं, डोळे मिचकावले असतील किंवा टार्गेटकडे पळाले असतील तर नाही. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी 'दहा' म्हणायचे. आशावाद. सर वहीत दोन रकाने करायचे, ताई काय म्हणाल्या आणि पुठ्ठा काय म्हणतो.

गेल्या महिन्यात माझी पहिली मॅच झाली. ६० शॉट, ७५ मिनिटं, त्याआधी १५ मिनिटं तयारीची आणि सायटरची, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची. इलेक्ट्रॉनिक टार्गेट, त्यामुळे पुठ्ठा नाही, बाजूला स्क्रीन, शॉट मारला की लगेच ठिपका. मला तो स्क्रीन नकोसा होता, मी तो शक्य तेवढा फिरवून ठेवला. पहिल्या सिरीजला हृदय इतकं जोरात चालू होतं की माशी ठोक्यागणिक उडी मारताना दिसत होती. दुसऱ्या शॉटला जुनं 'आत्ता!' परत आलं, सहा. मग मी खाली ठेवलं, पाणी प्यायले, आणि पुढचे चार वेळा नुसतं उचलून खाली ठेवलं, शेजारच्या पोरानं एकदा वळूनही बघितलं की या बाई करतायत काय. हळूहळू लागायला लागलं. बऱ्यापैकी.

साठावा शॉट. तीन मिनिटं उरलेली, बहुतेक लोक संपवून सामान आवरत होते. उचललं, खाली. उचललं, खाली. तिसऱ्यांदा उचललं, माशी फिरतेय, फिरू दे, पहिला टप्पा, दुसरा, वाढव, वाढव, आणि सुटायच्या क्षणाला माझ्या डोळ्यासमोर, अगदी स्वच्छ, माशी उजवीकडे किंचित सरकली, उजवीकडची उजेडाची फट केसाएवढी बारीक झाली. फट्. मी हात तसाच धरून ठेवला. सर मागे उभे होते, मॅच चालू असताना बोलायची परवानगी नसते म्हणून गप्प. मी पिस्तूल रिकामं करून फ्लॅग घातला, टेबलावर ठेवलं, लाइन सोडून मागे आले, स्क्रीनकडे न बघता.

'आठ,' मी म्हटलं. 'तीन वाजता.'

सर वाकून स्क्रीनकडे बघायला लागले. ठिपका आठच्या कड्यात होता, आडव्या रेषेवर, उजवीकडे. त्यांनी खिशातून ती वही काढली, दोन्ही रकान्यांत आठ लिहिलं, आणि एकूण स्कोअर किती झाला हे विचारायचं आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही, ते मी हात धुऊन परत आल्यावर शेजारच्या पोरानं सांगितलं. ५२७.